माळ्यावरच्या टोप्या

एकदा एक व्यापारी घर बांधायला निघाला आणि त्याने भिंतींच्या आधी छपराची चौकशी केली. माणसे जागा पाहतात, पाणी पाहतात, दार कोणत्या दिशेला येते ते पाहतात. हा गृहस्थ मात्र पहिल्याच भेटीत विचारता झाला की, माळ्यावर आग लागली तर ती कळणार कशी आणि विझणार कशी.

त्याच्या विचारण्याला कारण होते. त्याचे जुने घर माळ्यावरूनच पेटले होते. कौलांखाली, जिथे वर्षाकाठी एखाद्या वेळी कोणी चढते, तिथे एक वायर गुपचूप तापत राहिली. आणि खाली जेवायला बसलेल्या माणसांना पत्ता लागला तो जळके वासे अंगणात पडू लागले तेव्हा. त्या आगीतून व्यापाऱ्याची आई वाचली, पण पायांवर तुळई पडून तिचे चालणे कायमचे बंद झाले. आता नव्या घरातही तिला खोली हवी होती ती वरच्याच मजल्यावर, माळ्याच्या अगदी खाली, कारण तिथल्या खिडकीतून नदी दिसणार होती. मुलाने परोपरीने समजावले. म्हातारी म्हणाली, "पाय गेले म्हणून डोळेही मिटून बसू का?" आई वरच राहणार असेल तर छपरानेच तिची राखण केली पाहिजे, एवढे त्याने मनाशी ठरवले.

तो ज्यांच्याकडे गेला ते एक वृद्ध गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी घरे बांधली होती, आणि आता ती शिष्यांच्या हातून बांधून घेत असत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांची एक रीत होती. घर मालकाच्या स्वाधीन करण्यापूर्वी प्रत्येक कारागिराने आपला उजवा हात आप्पांच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचे, 'माझं काम पुरं झालं.' त्या शब्दावर आप्पा किल्ली देत. त्या हाताशी कोणी खोटे बोलल्याचे गावात ऐकिवात नव्हते.

हे घर आप्पांनी आपल्या सर्वांत हुशार शिष्याकडे सोपवले. म्हणाले, "घर तू बांध. मी शेवटच्या दिवशी येईन."

व्यापाऱ्याच्या इच्छेप्रमाणे माळ्यावर पाण्याचे फवारे बसवायचे ठरले. मोठ्या दुकानांत, कारखान्यांत असतात तेच. कारागीर त्यांना स्प्रिंकलर म्हणतात. लाल रंगाचे नळ छपराखालून फिरवायचे आणि ठरावीक अंतराने त्यांना तोंडे बसवायची. प्रत्येक तोंडाशी आगकाडीच्या अर्ध्या तुकड्याएवढी काचेची कुपी असते. उष्णता वाढली की कुपी फुटते आणि कोंडलेले पाणी सुटते. घरातल्या माणसांना जाग येण्याआधी पाणी जागे होते, असे म्हणा ना. त्या गावात राहत्या घराच्या माळ्यावर असे काही बसवण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि इथेच घोडे पेंड खाऊ लागले.

उतरत्या छपराखाली खालच्या बाजूला जागा मोप असते, पण सगळ्यांना जायचे असते ते आढ्यापाशी, छपराच्या शेंड्याखाली, आणि तिथे ती नसते. आग लागली की उष्णता आधी आढ्याखाली साचते, म्हणून नळ तिथूनच गेला पाहिजे, असे फिटरचे म्हणणे. छपराचा सगळा भार तिथेच येतो, म्हणून तिथे माझे आधार लागले पाहिजेत, असे सुताराचे. दोघांचेही म्हणणे खरे होते. भांडणे बहुधा खऱ्या माणसांचीच चिघळतात. फिटरने एके दिवशी न विचारता तुळईला खाच पाडली आणि नळ पुढे नेला. सुताराला ते दिसले तेव्हा त्याने हातातला घास डब्यात ठेवला, डबा झाकला आणि वर गेला. दुसऱ्या दिवशी एका स्प्रिंकलरच्या बरोबर तोंडासमोर एक लाकडी आधार ठोकलेला होता. पाणी सुटलेच तर ते त्या लाकडावर आपटून तिथेच गळाले असते. मग वायरमनने सोय म्हणून आपल्या वायरी लाल नळाला बांधल्या. फिटरने ती बंधने कापून वायरी तशाच लोंबत्या सोडल्या.

शेवटी एका सकाळी सुतार लाकूड तासायची वाकस घेऊन आणि फिटर पाना घेऊन समोरासमोर उभे राहिले. एकाने दुसऱ्याच्या बापाचे नाव काढले. तेवढ्यात वायरमनने रागाच्या भरात माळ्यावर कामापुरता लावलेला दिवा बंद केला. शिष्य बॅटरी घेऊन धावत वर पोचला तेव्हा त्या अंधारात कोणाचा हात कुठे आहे हे कळत नव्हते, फक्त श्वास ऐकू येत होते. उजेड पडला तेव्हा वाकस खांद्याच्या वर उचललेली होती. शिष्य त्या दिवशी खरोखर घाबरला.

घाबरलेला हुशार माणूस नियम करतो. शिष्याने खाच पडलेल्या तुळईला लोखंडी पट्टी मारून घेतली, आडवा आलेला आधार बाजूला करवला, आणि मग माळ्यावर चुन्याच्या रेघा ओढल्या. लाकूड सुताराचे, लाल नळ फिटरचे, वायर वायरमनची. कोणी कुठे उभे राहायचे आणि कोणी कुठल्या दिवशी वर चढायचे, तेही ठरले. आणि त्याने सर्वांदेखत बजावले, "दुसऱ्याच्या कामाला जो बोट लावील, तो त्याच दिवशी घरी जाईल."

औषध लगेच लागू पडले. आरडाओरडा थांबला. सुतार असला की फिटर नसे, फिटर आला की वायरमन निघून जाई. माळ्यावर आता कोणी कोणाशी बोलत नव्हते आणि शिष्याला ती शांतता वाटली. व्यापाऱ्याने त्याची तोंडभर स्तुती केली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत झाली होती, पण ती कोणाच्या ध्यानात आली नाही. भांडण मिटले की आपले डोळेही मिटतात.

आता एक बारीकशी गोष्ट सांगितली पाहिजे. स्प्रिंकलरची तोंडे कारखान्यातून येतात ती नारिंगी टोप्या घालून. आतल्या काचेला धक्का लागू नये, रंगाचा थेंब उडू नये, म्हणून ही टोपी. सगळी कामे आटोपली की ती काढायची. टोपी तशीच राहिली तर उष्णता कुपीपर्यंत वेळेवर पोचत नाही. आणि उशिरा का होईना पोचलीच, तर सुटलेले पाणी टोपीतच अडखळते. थोडक्यात, टोपी घातलेला फवारा म्हणजे नुसता लाल नळ.

फिटरचे काम रंगाऱ्याच्या आधी संपले. रंग उडेल म्हणून त्याने टोप्या राहू दिल्या, आणि ते बरोबरच होते. मग रंगारी आला. त्याने लाकडाला वाळवी लागू नये म्हणून तेल पाजले. ते झाल्यावर त्याची नजर टोप्यांवर गेली, हातही वर गेला, पण त्याला नियम आठवला आणि तो डबे उचलून खाली उतरला. त्यानंतर वायरमन कायमचा दिवा बसवायला वर गेला. त्यालाही टोप्या दिसल्या. त्याच्या मनात आले, नळ माझा नव्हे. मग सुतार माळ्याचे दार बसवायला गेला. टोप्या पाहून त्याला क्षणभर, खोटे कशाला बोला, थोडे बरेच वाटले. फिटरची चूक फिटर निस्तरील. आणि सर्वांत शेवटी शिष्याने स्वतः एक फेरी मारली. त्यालाही त्या दिसल्या. टोप्या फिटरच्या आहेत, त्याच्या ध्यानात असेलच, असे म्हणून त्याने दार ओढून घेतले. आपण बरे, आपले काम बरे, ही म्हण त्या दिवशी त्या माळ्यावरून एवढ्या जणांच्या पावलांनी उतरली.

वास्तुशांत दुसऱ्या दिवशी होती. आदल्या सकाळी, वर शेवटची कामे उरकत होती तेव्हाच, व्यापाऱ्याने आईला खुर्चीत बसवून वरच्या खोलीत आणले. तिने खिडकीतून नदी पाहिली, मग मान वर करून लाकडी तक्तपोशीकडे पाहिले आणि विचारले, "वर माणसं काम करतायत म्हणालास, मग कोणी बोलत का नाही?" मुलाने कौतुकाने शिष्याच्या नियमाची हकिकत सांगितली.

त्याच सकाळी, सगळे खाली उतरल्यावर, आप्पा आले. एकटेच माळ्यावर गेले, बराच वेळ तिथे थांबले. उतरताना म्हातारीच्या खोलीत शिरले आणि दार लोटून तिच्याशी काहीतरी बोलले. दुपारची जेवणे झाल्यावर त्यांनी सर्वांना ओसरीवर बोलावून आपला हात पुढे केला. सुताराने हात ठेवला, "माझं काम पुरं झालं." फिटरने ठेवला. वायरमनने ठेवला. रंगाऱ्याने ठेवला. सर्वांत शेवटी शिष्याने ठेवला आणि त्याचा आवाज सर्वांत ठणठणीत होता.

व्यापाऱ्याने किल्लीसाठी हात पुढे केला. आप्पांनी किल्ली दिली नाही. ते म्हणाले, "शेठ, नव्या घरात दूध उतू घालवायचं असतं. ते आजच करू. एक मोठी शेगडी पेटवून द्या."

शेगडी स्वयंपाकघराकडे निघाली तेव्हा आप्पांनी जिन्याकडे बोट केले. "तिकडे नाही. वर, माळ्यावर."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नवे लाकूड, त्याला नुकतेच पाजलेले तेल, आणि त्याखाली निखारे. व्यापाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो एवढेच म्हणाला की, आई खालच्या खोलीत आहे. आप्पा शांतपणे म्हणाले, "एवढ्या जणांनी हातावर हात ठेवलाय. ते हात खरे असतील तर भ्यायचं कशाला?" आप्पांचा शब्द मोडायची त्या गावात कोणाची छाती नव्हती, आणि खरे सांगायचे तर त्याचाही त्या हातांवर विश्वास होता. बिचाऱ्याने स्वतः शेगडीचा एक कान धरला.

आप्पांनी आढ्याच्या बरोबर खाली विटा मांडून त्यांवर शेगडी ठेववली, दुधाचे पातेले चढवले आणि दार लावून घ्यायला सांगितले. मग ते मांडी घालून बसले आणि पंख्याने वारा घालू लागले. निखारे फुलले. एक ठिणगी उडून चुन्याच्या रेघेपाशी विझली. रेघेच्या पलीकडे रंध्याच्या सालींचे एक पोते पडलेले होते. साली सुताराच्या आणि जागा वायरमनची, म्हणून ते कोणीच उचलले नव्हते. ओल्या तेलाचा वास उष्णतेने अधिकच उग्र झाला.

डोक्यावर नारिंगी टोप्या ओळीने लटकत होत्या. प्रत्येकाने एकदा वर पाहिले आणि लगेच नजर खाली घेतली. फिटरने रंगाऱ्याकडे पाहिले. रंगाऱ्याने पायाखालच्या रेघेकडे पाहिले. वायरमनच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला त्याचा हात उठत नव्हता. शिष्याच्या मनात घोळत होते, बोलावे तर आत्ताच दिलेला शब्द खोटा ठरतो, न बोलावे तर… तो विचार त्याला पुरता करवेना. दुधाच्या कडेला साय आकसू लागली. आप्पा वारा घालतच होते.

व्यापाऱ्याला या कशातले काही ठाऊक नव्हते. त्याने सहज वर बोट केले आणि विचारले, "त्या नारिंगी टोप्या शोभेच्या आहेत का?"

तो निरागस प्रश्न त्या उकाड्यात तसाच लोंबकळत राहिला. आणि तेवढ्यात खालून, लाकडी तक्त्यांच्या फटीतून, म्हातारीचा आवाज आला.

"आप्पा, दूध आलं का वर?"

सर्वांच्या नजरा आपसूक पायांखाली गेल्या. एवढे दिवस त्यांनी तिथे लाकूड पाहिले होते, रेघा पाहिल्या होत्या. त्या तक्त्यांच्या खाली एक चालता न येणारी बाई खुर्चीत बसली आहे, हे त्यांना जणू आत्ता कळत होते.

सुतार उठला. चुन्याची रेघ ओलांडून तो लाल नळाखाली गेला आणि त्याने हात वर करून पहिल्या टोपीला धरले.

"थांब," फिटर ओरडला.

सगळे जागच्या जागी थिजले. वाकस आणि पाना सर्वांनाच आठवले असणार. फिटर उठला, त्यानेही रेघ ओलांडली, आणि सुताराच्या हातावर आपला हात ठेवला. "असं ओढू नको, आत काच आहे," तो म्हणाला. "अंगठा इथं लाव. आता हळू खाली घे. हां."

टोपी निघाली. आतली कुपी निखाऱ्यांच्या उजेडात चमकली. सुताराने ती आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली आणि तो नकळत म्हणाला, "एवढीशीच असते होय ही?" मग रंगारी उठला. वायरमनने बॅटरी धरली. शिष्याने दार उघडले आणि ते सालींचे पोते स्वतःच्या पाठीवर घेऊन खाली नेऊन टाकले. टोप्या निघत गेल्या. दूध केव्हा उतू गेले आणि निखाऱ्यांवर केव्हा चरचरले, हे कोणी पाहिलेच नाही.

आप्पांनी मागच्या कोपऱ्यातली गोणपाटे बाजूला केली. त्यांखाली वाळूच्या भरलेल्या बादल्या होत्या आणि गोणपाटे ओलीगच्च होती. सकाळी एकटे वर गेले होते तेव्हाच त्यांनी ही तयारी करून ठेवली होती. त्यांनी शेगडी वाळूने विझवली.

व्यापाऱ्याच्या आता सारे ध्यानात आले होते. तो संतापून आप्पांसमोर उभा राहिला. "माझी आई खाली होती, आप्पा," एवढेच तो पुन्हा म्हणाला.

उत्तर खालूनच आले. "मला विचारून शेगडी वर नेलीय रे. मीच म्हटलं, पेटायचंच असेल तर आज पेटू दे. आज सगळे जागे आहेत."

शिष्य मान खाली घालून उभा होता. त्याने विचारले, "आप्पा, तुम्ही सकाळीच टोप्या पाहिल्या होत्या. त्या तिथल्या तिथे काढल्या का नाहीत?"

"काढल्या असत्या तर या घराच्या निघाल्या असत्या," आप्पा म्हणाले. "पुढल्या घराच्या कोणी काढायच्या? मी किती दिवस पुरणार? आणि एक ध्यानात ठेव, आज माझ्या हाताशी कोणी खोटं बोललेलं नाही. सुताराचं काम पुरं झालं होतं, फिटरचं झालं होतं, सगळ्यांचं झालं होतं. एवढी सगळी खरी वाक्यं एकावर एक रचली आणि त्यांचं एक खोटं घर उभं राहिलं. तू भांडण थांबवलंस हे चांगलं केलंस. पण भांडत होते तोवर ते एकमेकांच्या कामाकडे बघत तरी होते, रागानं का होईना. तू रेघ ओढलीस आणि त्यांचं बघणंच बंद केलंस. आग लागते तेव्हा ती रेघेपाशी थांबून विचारत नाही की पुढचं लाकूड कोणाचं. मग आपण तरी का विचारावं?" मग ते म्हणाले, "चूक माझीही आहे. एवढी वर्षं मी प्रत्येकाला स्वतःच्याच कामाचं विचारत आलो. प्रश्नच तोकडा होता."

त्यांनी प्रत्येकाला दुसऱ्याचे काम पाहून यायला सांगितले आणि मग पुन्हा आपला तळहात पुढे केला. या वेळी सुताराने हात ठेवला आणि जरा अडखळत म्हणाला, "मी नळ पाहिले." फिटर म्हणाला, "मी तुळई पाहिली. खाच मी पाडली होती. पट्टीचे बोल्ट हलवून पाहिले, घट्ट आहेत." वायरमनने रंग पाहिल्याचे सांगितले, रंगाऱ्याने दिव्याची बटणे. शिष्याची पाळी आली तेव्हा त्याचा हात अर्ध्यावरच थांबला.

"मी रेघा पाहिल्या, आप्पा," तो म्हणाला. "घर पाहिलंच नाही."

आप्पांनी त्याचा तो अर्धवट थांबलेला हात स्वतःच धरला आणि त्यात घराची किल्ली ठेवली, शेठजींना द्यायला.

शिष्य किल्ली घेऊन लगेच खाली गेला नाही. त्याने एक ओले गोणपाट उचलले आणि गुडघे टेकून चुन्याच्या रेघा पुसायला घेतल्या. थोड्या वेळाने रंगारीही खाली बसला. तिकडे आढ्यापाशी सुताराने एका आधाराकडे बोट दाखवून काही शंका काढली, फिटरला ती पटली नाही, वायरमन मध्येच काहीतरी बोलला आणि तिघांचे आवाज चढले. पण आता तिघांच्याही माना एकाच जागी वर झालेल्या होत्या.

व्यापारी धावत आईच्या खोलीत आला. तिला काय वाटले असेल, ती घाबरली असेल का, असे पुष्कळ काही त्याला विचारायचे होते. म्हातारीने त्याला हातानेच थांबवले आणि वरच्या आवाजांकडे कान लावून ऐकत राहिली.

"बोलायला लागले वाटतं," ती म्हणाली. "आता माझी खुर्ची खिडकीशी घे. मला जरा झोप लागेल."